वीतभर मुळं, हातभर पाणी

तिवराचं झाड मरायला टेकलंय हे लांबूनही कळतं. पानं पिवळी पडतात, गळतात, फांद्या उघड्या पडतात. ते कशानं मरतंय हे शोधणं मात्र चिखलात उतरल्याशिवाय होत नाही. मी वनरक्षक आहे, रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीकाठी कांदळवनाची, म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या तिवर, कांदळ अशा झाडांच्या जंगलाची राखण करतो. मे महिन्यात आमच्या हद्दीतला तिवरांचा एक मोठा पट्टा सुकत चालल्याची तक्रार आली आणि वनपाल साहेब आणि मी ओहोटीची वेळ बघून तिकडे गेलो.

खाडीतून रस्त्यासाठी मुरमाचा नवा भराव टाकलेला होता. भरावाच्या खाडीकडच्या अंगाला झाडं हिरवीगार, गावाकडच्या अंगाला सगळी पिवळी. गावकऱ्यांचा संशय रसायनावर होता, कुणीतरी रात्री टँकर रिकामा केला असणार म्हणून. वनपाल साहेबांना अळीची शंका आली. ती शंका रास्तच होती. सागाचा पाला खाणारी अळी तिवरावरही पडते. अख्खा पट्टा जळाल्यासारखा तपकिरी होतो आणि पुढे काही आठवड्यांत पुन्हा पालवतो.

मी पानं तोडून उलटसुलट पाहिली. वरून चकचकीत हिरवं आणि खालून रुपेरी असं तिवराचं पान अळीनं खाल्लं की त्याची जाळी होते. इथं पान अख्खं पिवळं होऊन गळत होतं, कुरतडल्याची खूण कुठेच नव्हती. रसायन म्हणावं तर ओतल्या जागी झाडं जास्त करपली असती आणि लांबची कमी. इथं जवळची-लांबची सगळी सारखीच आजारी होती. नखानं साल खरवडली. आत अजून हिरवी होती, म्हणजे वेळ गेलेली नव्हती.

तिथं चिंबोऱ्या धरायला येणाऱ्या एक मावशी भरावावर उभ्या होत्या. मी विचारलं, "मावशी, इथं चिंबोरी मिळते का अजून?"

"कुठली मिळते, साहेब? पानी चढतं ते उतरतच नाय. भराव पडल्यापास्नं असंच हाय."

मी पँट दुमडून आत उतरलो. बाहेर पूर्ण ओहोटी होती आणि आत माझ्या गुडघ्यापर्यंत पाणी. प्रत्येक पावलाला सडक्या अंड्याचा वास वर येत होता. तळव्यांना खालून मुळं टोचत होती, पण पाण्यावर एकाचंही टोक दिसत नव्हतं. तिवरांत वावरणाऱ्याला ही गोष्ट लगेच खटकते. ओहोटीला तिवराखाली चिखलातून पेन्सिलीसारखी टोकं हजारोंनी वर आलेली असतात. ती श्वसनमुळं.

खाडीच्या चिखलात वरचा पातळ थर सोडला तर ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. तिवराची मुख्य मुळं त्या चिखलात आडवी पसरतात आणि त्यांच्यावर ठरावीक अंतरानं ही उभी मुळं फुटतात. त्यांच्या सालीवर बारीक छिद्रं असतात आणि आतला गाभा हवेच्या पोकळ्यांनी भरलेला असतो. भरतीत मूळ बुडलं की आतला ऑक्सिजन झाड वापरतं, मुळातला दाब कमी होतो, आणि ओहोटीत टोक उघडं पडताच बाहेरची हवा आत ओढली जाते. १९५५ साली शोलंडर या शास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांदळाच्या आधारमुळांवरची छिद्रं ग्रीसनं बुजवून पाहिली, तर दोन दिवसांत मुळातला ऑक्सिजन दोन टक्क्यांपर्यंत उतरला. आमच्या तिवरांची छिद्रं पाण्यानं बुजवली होती, तीही कित्येक आठवडे.

खात्री करायला मी दोन्ही बाजूंची मुळं चिखलासकट उपटून शेजारी ठेवली. खाडीकडच्या मुळाभोवती गंजाच्या रंगाचा चिखल चिकटलेला होता. निरोगी मुळातून थोडा ऑक्सिजन बाहेर झिरपतो, चिखलातल्या लोहाला गंज चढतो आणि विषारी सल्फाइड मुळापासून लांब राहतं. आतल्या बाजूच्या मुळाभोवतीचा चिखल काळा कुळकुळीत होता. वनपाल साहेबांनी दोन्ही मुळं हातात घेतली आणि अळीचा विषय तिथंच संपला.

ठेकेदाराचा माणूस आला. त्याचं म्हणणं एकच, "पाइप टाकलाय की, साहेब." पाइप खरंच होता. पण त्याचा तळ चिखलापासून हातभर उंच. उधाणाची भरती त्यातून आत शिरायची आणि ओहोटीला पाइपाच्या तळापर्यंतचं पाणी आतच अडायचं. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत तर तिथं नवं पाणीही पोचत नसे. साठलेलं पाणी उन्हानं आटून आणखी खारट व्हायचं. तिवर बहुतेक मीठ मुळाशीच अडवतं आणि उरलेलं पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं, पण त्यालाही ताकद लागते, आणि श्वास कोंडलेल्या मुळात ती येणार कुठून? झाडाची श्वसनमुळं वीतभर उंच आणि अडलेलं पाणी हातभर. मला याची चीड आली. लेव्हल घेताना कुणी एकदा चिखलाकडे पाहिलं असतं तर पुरे होतं.

पंचनामा झाला, वरिष्ठांशी बोलणं झालं. उच्च न्यायालयानं २०१८ साली राज्यभर कांदळवनाच्या नाशावर बंदी घातली आहे, आणि पाणी अडवून झाडं मारणं हाही नाशच, हे रेंजर साहेबांनी स्पष्ट सांगितलं. पुढच्या ओहोटीला जेसीबीनं भराव चिखलाच्या पातळीपर्यंत कापला. काळं पाणी आवाज करत बाहेर पडलं आणि तासाभरात शेवाळानं माखलेली टोकं दिसू लागली.

पावसाळ्यात पुष्कळ झाडांच्या खोडांवर सालीतूनच नवे धुमारे फुटले. तिवराच्या सालीखाली राखीव डोळे असतात, म्हणून ते असं परत येऊ शकतं. कांदळाच्या जाड फांद्यांना ते साधत नाही. मधल्या खोलगट भागातली तिवरं मात्र गेली. तिथं आम्ही रोपं लावली नाहीत. तिवराचं बी झाडावर फळातच रुजतं आणि भरतीवर तरंगत येतं, त्याला फक्त वाट मोकळी हवी होती. दुसऱ्या पावसात त्या खोलगटात दोन-दोन पानांची रोपं उभी राहिली.

आता भरावाचा कुठलाही नकाशा आला की मी आधी पाइपाच्या तळाची उंची विचारतो. पाइप किती रुंद हे नंतर.