पंप चालला तेव्हा मी झोपले होते

सकाळी सहा वाजता नेहमीप्रमाणे नोंदवही उघडली. बॅटरी १२.४ व्होल्ट, बॅरोमीटर १०१० मिलिबार, वारा मंद, नांगर जागेवर. शेवटचा रकाना बिल्ज पंपाच्या, म्हणजे बोटीच्या तळात साचलेले पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाच्या काउंटरचा असतो. काल झोपण्यापूर्वी त्यात मी ११२ लिहिले होते आणि आज काउंटर ११५ दाखवत होता, म्हणजे रात्रीतून तळात तीनदा पाणी साचले, तीनदा तरंगत्या खटक्याने पंप सुरू केला आणि तीनदा तो पाणी उपसून बंद झाला. हा पंप माझ्या उशीपासून जेमतेम दोन हातांवर, लाकडी फळीखाली आहे. पाणी संपत आले की शेवटच्या काही क्षणांत हवा ओढताना तो असा खरखरतो, की त्या आवाजाने आजवर माझी झोप मोडली नाही असे कधी झाले नव्हते. काल मला तो ऐकूच आला नाही.

“आधी चाखून बघ, खारं आहे की गोडं,” माझा जोडीदार म्हणाला. फळी उचलून तळाशी राहिलेल्या पाण्यात बोट बुडवले आणि जिभेला लावले. डिझेलचा किंचित वास होता, पण पाणी गोडे होते. समुद्र आत येत नव्हता, म्हणून आधी जीव भांड्यात पडला आणि लगेच लक्षात आले, की हे आपल्याच टाकीतले पिण्याचे पाणी आहे. पंप एका वेळी साधारण १० लिटर उपसतो, तेव्हा ३० लिटर गेले. आमच्या छताच्या कापडाचे पाणी धरणारे क्षेत्रफळ सुमारे १० चौरस मीटर आहे आणि १ मिलिमीटर पावसाने एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी पडते, म्हणजे एक थेंबही वाया न घालवता झेललेला ३ मिलिमीटर पाऊस रात्रीतून समुद्रात गेला.

कारण दहा मिनिटांत सापडले. भांडी घासायच्या मोरीखाली नळी आवळून धरणाऱ्या होज क्लिपची पट्टी वरून अजून चकचकीत होती, पण स्क्रूखाली, जिथे ओल राहते आणि हवा पोहोचत नाही, तिथे ती गंजून तुटली होती. स्क्रूला लोहचुंबक लावून पाहिला, तर तो टचकन चिकटला, म्हणजे स्क्रू समुद्रात टिकणाऱ्या, चुंबकाला न चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा नव्हता. क्लिप बसवण्याआधीच चुंबक लावून पाहायला हवा होता आणि ही क्लिप मीच बसवली होती. नळीतला दाब टिकवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा खटका रात्री बंद करायचा, हा आमचा नियम आहे. तो काल कोणी पाळला नाही, यावर आम्ही दोघांपैकी कोणीच काही बोललो नाही. खटका चालू असल्याने तो पंपही रात्रभर थोड्या थोड्या वेळाने घुरघुरत राहिला असणार. म्हणजे मी एक नव्हे, दोन आवाज ऐकले नाहीत.

दिवसभर मनात तेच घोळत राहिले. बोटीवर राहायला आल्यापासून मी जे काही शिकले, त्यातले बरेचसे कानांनी शिकले. पहिल्या आठवड्यात तळातून सतत तडतड ऐकू यायची, गरम तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तशी, आणि बोटीचे कवच तडकते आहे या भीतीने मी टॉर्च घेऊन कोपरा न् कोपरा तपासला होता. उष्ण समुद्रातल्या एका प्रकारच्या कोळंबीचा तो आवाज आहे, हे नंतर कळले. ती आपली मोठी नांगी इतक्या वेगाने मिटते, की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि त्याचा आवाज होतो. साखळी वाळूवरून सरकते तेव्हा आवाज कसा येतो आणि खडकाला घासते तेव्हा कसा, शीड चढवायचा दोर डोलकाठीवर आपटू लागला की वारा किती वाढला, हे मी अंथरुणातूनच सांगू शकते. इथे विषुववृत्ताजवळ वर्षभर रात्र जवळजवळ १२ तासांची असते आणि त्या रात्री मी अर्धवट जागेपणी ऐकत काढल्या आहेत. मग काल काय झाले?

दुपारी मला स्वतःची फार कीव आली. वाटले, थकवा आता हाडांत मुरला आहे. मीठ सुकून खरखरीत झालेले हात, उन्हाने सुटलेली शिवण पुन्हा घालणे, पाण्याचा हिशेब, विजेचा हिशेब, आणि एवढे करूनही ज्या एका गोष्टीवर माझा विश्वास होता ती गोष्टच गेली. आईशी फोनवर बोलताना घसा दाटून आला होता, पण तिला यातले काही सांगितले नाही.

चार वाजता बॅरोमीटर पाहिला. आकडा १००९ झाला होता आणि मी तो शांतपणे लिहिला. या पट्ट्यात हवेचा दाब रोज सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो आणि पहाटे व दुपारी चारच्या सुमारास दोन-तीन मिलिबारने उतरतो. सुरुवातीला रोज दुपारी हा उतार पाहून मला वादळाची धास्ती वाटायची. आता मी कालच्या त्याच वेळेच्या आकड्याशी तुलना करते आणि फरक ३ मिलिबारचा असेल तरच काळजी करते. त्या उतारापुढे मी घाबरायचे कधी थांबले, तो दिवस मला आठवत नाही. कानांचेही तसेच झाले असेल का? पण पंपाचा आवाज रोजचा नाही, म्हणून हे उत्तर मला पुरते पटत नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. काल मी दहा ते सहा सलग झोपले आणि सकाळी काउंटर पाहण्यापूर्वीची ती चार-पाच मिनिटे मला किती हलके वाटले होते, हे दिवसभरच्या गोंधळात मी विसरूनच गेले होते. या बोटीवर अशी झोप मला पूर्वी लागल्याचे आठवत नाही. ती लागली याचे वाईट वाटून घ्यावे, असे आता वाटत नाही.

संध्याकाळी नळीवर एकाऐवजी दोन क्लिपा बसवल्या, दोन्ही चुंबक लावून पारखलेल्या. पंपाच्या तारेला एक छोटा भोंगा जोडायचा, म्हणजे पंप चालू झाला की तो दोघांनाही उठवेल, असे ठरले. त्यासाठी तार कापून टेबलावर ठेवली आहे. रात्रीचे दहा वाजले आहेत, बॅरोमीटर पुन्हा चढून १०११ वर आहे, काउंटर ११५, पाण्याचा खटका बंद. तो मी स्वतः दोनदा जाऊन पाहिला. खाली कोळंबी तडतडते आहे. भोंगा उद्या सकाळी जोडेन.