किल्ल्या परत मिळाल्या, तरी कुलपाचं सिलिंडर का बदलायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. भाडेकरूने जाताना सगळ्या किल्ल्या दिल्या, तर नवा येण्याआधी कुलपावर खर्च कशाला, तोही डोक्यावर घराच्या कर्जाचा हप्ता असताना?

परत आलेल्या किल्ल्या मोजता येतात, मधल्या काळात नव्या करून घेतलेल्या नाहीत. यात जाणाऱ्यावर संशय नाही. त्याने कधीतरी मित्राला दिलेली किल्ली तो स्वतःच विसरलेला असतो.

शिवाय अख्खं कुलूप बदला असं कोण म्हणतंय? दाराला युरो सिलिंडर, म्हणजे किल्ली घालायचा सुटा निघणारा गाभा, असेल तर तेवढंच बदला. दार उघडं ठेवा. दाराच्या कडेला, बोल्टच्या पट्टीवर सिलिंडरच्या पातळीत एक लांब स्क्रू असतो, तो पूर्ण काढा. किल्ली घालून किंचित फिरवत सिलिंडर हलक्या हाताने ओढा. नुसतं ओढून येत नाही, कारण मधला कॅम, म्हणजे किल्लीबरोबर फिरून बोल्ट सरकवणारा दाता, बाहेर डोकावत असतो; तो सिलिंडरच्या रेषेत आला की सुटतं. इथेच लोक पक्कड लावतात आणि कुलूप बिघडवतात.

माप स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंत वेगवेगळं घ्या. 35/45 आणि 40/40 यांची एकूण लांबी सारखीच, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. बाहेरच्या बाजूला सिलिंडर दारावरच्या हँडलच्या पट्टीपुढे 3 मिलिमीटरपेक्षा जास्त आलं तर चोराला ते पकडीत धरून मोडता येतं, आणि ते मोडतं नेमकं त्या स्क्रूच्या भोकापाशी, कारण तिथे धातू सर्वांत कमी असतो. आतून किल्लीऐवजी फिरवायची खुंटी असलेलं घ्या. आग लागल्यावर कोणी किल्ली शोधत बसू नये. बसवल्यावर दार उघडं असतानाच चारपाचदा फिरवून बघा, मगच लोटा.

सगळ्या घरांना एक मास्टर किल्ली, हे पूर्वी मीच सुचवायचो. सोय आहेच, नाकारत नाही. पण त्यासाठी सिलिंडरच्या आतल्या, किल्लीने उचलल्या जाणाऱ्या पिनांमध्ये जादा चकत्या घालतात, म्हणजे कुलूप उघडण्याच्या जागा वाढतात. आणि ती एक किल्ली हरवली की सगळीच कुलपं पुन्हा जुळवायची. दोनचार घरांना मी आता नको म्हणतो. वीस घरांना काय सांगायचं, ठरत नाही.

आता हप्ता. हिशेब बाराही महिने भाडं येईल असा धरलात तर सिलिंडरच काय, रंगही महाग वाटेल. आधी रिकामे महिने वजा करा, मग कर, विमा, दुरुस्ती आणि भाडेकरू बदलतानाचा खर्च. उरलेल्या वार्षिक रकमेला वर्षाच्या हप्त्यांनी भागा. उत्तर 1 आलं तर हातात शून्य. कर्ज देणारे बरेचदा 1.25 च्या आसपास मागतात. तरत्या दराचं 20 वर्षांचं कर्ज 8 वरून 9 टक्क्यांवर गेलं की हप्ता साधारण साडेसात टक्के वाढतो, तेव्हा तोही आकडा घालून बघा. आणि अनामत रक्कम यात धरू नका, ती परत करायची आहे.