नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

३१ वर्षं मी मंत्रालयात उत्तरं लिहिली. प्रश्न आमदारांचे, सही साहेबांची, वाचणार मंत्री, मजकूर माझा. कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले तरी अजून वर्तमानपत्रात कुठल्या खड्ड्याची बातमी वाचली की तारांकित प्रश्नाचा साचा डोक्यात आपोआप सुरू होतो : (१) हे खरे आहे काय, (२) असल्यास, याबाबत चौकशी केली आहे काय, (३) त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि उत्तरात चौथ्या क्रमांकापुढे नेहमीचंच, ‘प्रश्न उद्भवत नाही’. शाखेत माझी ख्याती ‘हे अंशतः खरे आहे’ या वाक्यासाठी होती. त्या एका ‘अंशतः’वर मी किती साहेबांना अधिवेशनातून सुखरूप बाहेर काढलंय, याची मोजदाद नाही.

तर २०२४च्या नोव्हेंबरात भाचीकडे कार्डिफला, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सच्या राजधानीत, गेले, तेव्हा तिने यादी केलेलीच होती. किल्ला, स्टेडियम, बॅरीचा समुद्रकिनारा. मी म्हटलं, ते सगळं बघू, आधी मला इथली विधानसभा दाखव.

“मावशी, सुट्टीवर आलीयेस ना?”

“सुट्टीवर आहे म्हणूनच. इतकी वर्षं आत उत्तर काय होतंय याची धास्ती घेऊन बाहेर बसले. आता कुणाच्या तरी दुसऱ्याच्या उत्तराला आरामात बसते.”

तेव्हा आपल्याकडची विधानसभेची निवडणूक अगदी तोंडावर आली होती. नात्यातल्या ग्रुपवर रोज दोनशे मेसेज, त्यातले एकशे नव्वद एकमेकांना गप्प बसायला सांगणारे. फोन पर्समध्ये टाकून मी मंगळवारी दुपारी निघाले.

बस फार हळू चालली होती. भाचीने खिडकीतून पाटी दाखवली, २०. म्हणजे ताशी २० मैल, आपल्या हिशेबात ३२ किलोमीटर. सप्टेंबर २०२३पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ही मर्यादा लागू झाली आणि त्याविरुद्धच्या अर्जावर ४ लाख ६९ हजारांहून जास्त सह्या पडल्या. देशाची लोकसंख्या सगळी मिळून ३१ लाख! इथे कुणीही अर्ज करू शकतो. २५० सह्या झाल्या की समितीला तो विचारात घ्यावाच लागतो, १०,००० झाल्या की सभागृहात चर्चेसाठी विचार होतो. भाची म्हणाली, सही मीही केली होती, आता सवय झाली.

कार्डिफ बे म्हणजे एके काळचं कोळशाचं बंदर. डोंगरातल्या खाणींचा कोळसा इथून जगभर जायचा. त्या दिवसांची एक लालभडक इमारत अजून उभी आहे, पिअरहेड, १८९७ची, आणि तिच्या अगदी शेजारी काच, पाटीचा दगड आणि लाकूड यांची सेनेद. सेनेद हे इथल्या संसदेचं नाव. शेवटचा उच्चार ‘द’ आणि ‘ध’च्या मधे कुठेतरी. रिचर्ड रॉजर्स या वास्तुविशारदाची ही इमारत २००६ साली १ मार्चला, वेल्सच्या संत डेव्हिडच्या दिवशी, राणीच्या हस्ते उघडली. छप्पर लाकडी आणि लाटांसारखं वरखाली. पावसाचं पाणी साठवून संडासांना वापरतात. कार्डिफचा पाऊस पाहता त्यांना कधी टँकर मागवावा लागणार नाही.

दारात विमानतळासारखी तपासणी. पर्समधला डिंकाच्या लाडवांचा डबा मशीनमधून गेला, परत मागे आला, पुन्हा गेला. शेवटी डबा उघडून दाखवला. रक्षकाने वास घेतला, मान हलवली आणि मला आत सोडलं. पास नाही, आमदाराचं पत्र नाही, ओळखीचा शिपाई नाही. तिकीट फुकट. आपल्याकडे प्रेक्षक दीर्घेच्या एका पाससाठी मी लोकांना पी.ए.च्या टेबलाशी तासन् तास उभं पाहिलंय, त्यामुळे मला हे जरा अळणीच वाटलं.

रांगेत पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांनी विचारलं, भारतातून का? मी हो म्हटल्यावर ते म्हणाले, टाटा. एवढंच. मग थोड्या वेळाने पोर्ट टॅलबटच्या टाटांच्या पोलाद कारखान्याचं सांगितलं. तिथली शेवटची ब्लास्ट फर्नेस, म्हणजे लोखंडाची भट्टी, ३० सप्टेंबरला बंद झाली होती, त्यांचा मेव्हणा तिथे कामाला. रागाने नाही बोलले. हवामानाबद्दल बोलावं तसं. टाटांचं मुख्यालय बॉम्बे हाऊस माझ्या जुन्या ऑफिसपासून चालत वीस मिनिटांवर आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

सभागृहाला इथे शाम्बर म्हणतात. ते तळाशी, गोल, आणि प्रेक्षक वर काचेआड. सभासदांच्या डोक्यावर आपण बसतो. मधोमध छपरातून एक प्रचंड लाकडी नरसाळं खाली उतरलेलं, त्यातून उजेड येतो. लंडनसारखे समोरासमोर बाक नाहीत, गोलात तेव्हा ६० मेजं, प्रत्येकावर कॉम्प्युटर. ६०! मुंबई महापालिकेत २२७ नगरसेवक. २०२६च्या निवडणुकीपासून इथेही ९६ करण्याचा कायदा तेव्हा झाला होता, आणि तो किती खर्चाचा यावर गावभर कुरकुर.

हे सगळं मुळात किती काठावर झालं तेही ऐका. १९७९च्या सार्वमतात लोकांनी स्वतःची विधानसभा साफ झिडकारली होती. १९९७ साली पुन्हा विचारलं, तेव्हा ५०.३ टक्के ‘हो’. अंतर ६,७२१ मतांचं. आपल्याकडे एवढ्या मतांनी एक आमदार पडतो, इथे तेवढ्यावर एक विधानसभा जन्माला आली. १९९९ला सुरू झाली, तेव्हा हातात फार काही नव्हतं. कायदे करण्याचे खरे अधिकार २०११च्या दुसऱ्या सार्वमतानंतर. आरोग्य, शिक्षण, शेती, वाहतूक यांच्याकडे, पोलीस आणि संरक्षण लंडनकडे. केंद्र-राज्य भांडण ज्यांच्या अंगवळणी पडलंय, त्यांना हे समजावून सांगायला नको.

मंगळवारी दीड वाजता फर्स्ट मिनिस्टरना, म्हणजे त्यांच्या मुख्यमंत्र्यांना, प्रश्न. तेव्हा एलुनेड मॉर्गन, पदावर येऊन तीनेक महिने झालेल्या. अध्यक्षांच्या खुर्चीत एलिन जोन्स. अध्यक्षपदाचं नाव Ll या अक्षराने सुरू होतं, त्याचा उच्चार करायचा तर जीभ ‘ल’साठी टाळूला लावून बाजूने नुसती हवा सोडायची. मी गॅलरीत दोनदा करून पाहिला, शेजारची शाळकरी मुलगी हसली. ‘ळ’ म्हणायला लावून आपण जसं पाहुण्याला छळतो, तसं हे त्यांचं अक्षर.

छापील प्रश्न कामाचे तीन दिवस आधी दिलेला असतो. त्याचं उत्तर दोन-तीन ओळींचं, वाचलेलं. ते उत्तर कुणी लिहिलंय ते मला कुणी सांगायला नको, त्यातल्या प्रत्येक शब्दावर चार जणांनी हात फिरवलेला होता. खरी मजा उपप्रश्नात. तो लेखी नसतो. आणि विरोधी पक्षांच्या नेत्यांना तर आगाऊ सूचना न देताच विचारता येतं. त्या दिवशीही अपेक्षित तेच, इस्पितळांची वेटिंग लिस्ट. आकडा ८ लाखांच्या आसपास. भाची फिजिओथेरपिस्ट, तिने रात्री जेवताना फोड करून सांगितली. ८ लाख माणसं नव्हेत, ८ लाख ‘उपचार’. एकच माणूस गुडघ्यासाठी आणि डोळ्यासाठी दोन रांगांत असला तर दोनदा मोजतात. माणसं मोजली तर ६ लाखांच्या वर. विरोधक ८ म्हणतात, सरकार ६ म्हणतं. मला गहिवरून आलं. दोन्ही आकडे खरे आणि तरी दोघं भांडू शकतात, ही किमया साधायला आम्हाला तीन-तीन मसुदे लागायचे.

आवाज चढले, टाळ्या झाल्या, पण कुणी जागा सोडून पुढे आलं नाही. एकमेकांना सरळ नावाने हाक मारतात. ‘सन्माननीय सदस्य’ नाही की काही नाही.

त्यानंतरचा भाग बघायला गॅलरीत फारसं कुणी थांबलं नाही, मी थांबले, आणि तोच मला जास्त आवडला. पुढच्या आठवड्याच्या कामकाजाची यादी वाचतात आणि मग एकेक सदस्य उठून ‘अमुक विषयावर सरकारने निवेदन करावं’ अशी मागणी करतो. कुणाच्या गावचा पूल, कुणाच्या भागातली बंद होणारी बँक. निवेदनाशी कुणाला फारसं देणंघेणं नसतं, आपल्या गावाचं नाव कामकाजात यावं एवढंच. अरे, हा तर आपला औचित्याचा मुद्दा!

बुधवारी मी एकटीच परत गेले. बुधवारी बाकीच्या मंत्र्यांची पाळी, त्यांना इथे कॅबिनेट सेक्रेटरी म्हणतात. आपल्याकडे हे पद दिल्लीतल्या सर्वांत वरिष्ठ अधिकाऱ्याचं, त्यामुळे मला पहिली दहा मिनिटं सचिवच उत्तर देतायत असं वाटून फार बरं वाटत होतं. सभागृह निम्मं रिकामं. कुठलं खातं, कोण मंत्री, ते जुन्या सवयीने लिहीत नाही.

विषय शाळेच्या बसचा. वेल्समध्ये प्राथमिकच्या मुलाला घर शाळेपासून २ मैलांवर किंवा त्याहून लांब असेल तर बस फुकट, माध्यमिकला ३ मैल. ३ मैल म्हणजे जवळजवळ पाच किलोमीटर. एक सदस्य उठले आणि वेल्श भाषेत बोलू लागले. मी घाईघाईने हेडफोन लावला, त्यातूनही वेल्शच. एका चॅनेलवर भाषांतर असतं आणि दुसऱ्यावर जे चाललंय तेच मोठ्याने, आणि मी अर्थातच दुसरं लावलेलं. बटण सापडेपर्यंत अर्धा प्रश्न गेला. पण तो अर्धा मिनिट मी नुसता सूर ऐकला, आणि कळलं की हा माणूस कागदावरचं बोलत नाहीये. या भाषेचे बोलणारे शेकड्यात अठरासुद्धा नाहीत. मंत्र्यांनीही कानाला हेडफोन लावला होता.

भाषांतर मिळालं तेव्हा ते विचारत होते की ३ मैलांना थोडं कमी पडणारा हा रस्ता खात्यातलं कुणी नोव्हेंबरात, सकाळी सातच्या अंधारात, पावसात चालून पाहिलाय का.

मंत्र्यांसमोर जाड फोल्डर होतं, रंगीत चिकटपट्ट्या लावलेलं. मी वरून बघत होते. त्यांनी एक पट्टी धरली, पान उलटलं, दुसरी धरली. पहिल्या पट्टीत कायदा असणार, दुसरीत खर्चाचा आकडा, तिसरीत ‘हा विषय स्थानिक कौन्सिलांचा’. माझे हात शिवशिवले. हिवाळी अधिवेशनात नागपूरला ‘१६० गाळे’ या कर्मचाऱ्यांच्या वसाहतीतल्या थंडीत, फायलींच्या ट्रंकेवर कागद ठेवून, आम्ही असल्याच पट्ट्या चिकटवायचो, आणि नेमका जो प्रश्न यायचा त्याची पट्टी नसायची. आपल्याकडे अशा वेळी अधिकारी दीर्घेतून चिठ्ठी निघते. इथे चिठ्ठी घेऊन धावणारं कुणी दिसलं नाही, बहुधा ती समोरच्या स्क्रीनवर उमटत असावी. उमटली नाही.

त्यांनी फोल्डर मिटलं. आणि सांगितलं की आपल्याला माहीत नाही, चौकशी करून सदस्यांना लेखी कळवू.

गोंधळ नाही, सभात्याग नाही. सदस्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न पुकारला गेला. मी मात्र ताठ बसले होते. आमच्याकडे हे वाक्य ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असं लिहिलं जायचं आणि त्यात कर्ताच नसायचा. इथे माणूस उभा राहून ‘मला’ म्हणाला होता.

कामकाजाचा शब्दन् शब्द वेबसाइटवर येतो, वेल्श भाषणांना इंग्रजी भाषांतर जोडून. गुरुवारी सकाळी भाचीच्या स्वयंपाकघरात मी ते शोधून वाचलं. पट्ट्या उलटल्याचं त्यात कुठे नाही, फोल्डर मिटल्याचंही नाही. तिथे नुसता पूर्णविराम.

“एवढं काय वाचतेस, मावशी? चहा गार झाला.”

ते पत्र एव्हाना कुणाच्या तरी टेबलावर आलं असणार. शेजारी बोटीच्या भोंग्यांचा आवाज, खिडकीबाहेर पाऊस, आणि वर ‘तातडीचे’ असा शेरा. मी तिला म्हटलं, थांब गं. पहिलं वाक्य माझं झालं होतं : हे अंशतः खरे आहे.