एवढे पैसे मोजून छोटंच जहाज का?

"अहो, तेवढ्या पैशांत मोठ्या क्रूझवर अख्खं घर गेलं असतं!" अलास्काहून आल्यापासून हे मी नेरूळच्या आमच्या सोसायटीत ऐकलं, नात्यातल्या लग्नाच्या पंगतीत ऐकलं, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे, तोंडात कापूस कोंबलेला असताना. साठ-सत्तर माणसांचं जहाज, वर ना तलाव, ना नाचगाणी, ना रात्री बारापर्यंत चालणारं जेवण. मग का गेलात? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

आधी पैशांचं, कारण खरी बोच तीच असते. अमेरिकेत 1886 सालचा एक कायदा आहे. तिथल्या एका बंदरातून प्रवासी घेऊन तिथल्याच दुसऱ्या बंदरात सोडायचे, तर जहाज अमेरिकेत बांधलेलं आणि अमेरिकी मालकीचं लागतं. वर कर्मचारीही तिथलेच. मोठ्या क्रूझ बहुतेक बहामा, पनामा असल्या देशांचे झेंडे लावून फिरतात. म्हणून त्या कॅनडातल्या व्हँकुव्हरहून निघतात, नाहीतर सिॲटलहून निघून वाटेत एखाद्या कॅनडियन बंदराला शिवून येतात. आपल्या पासपोर्टवाल्यांना मग कॅनडाचाही व्हिसा काढावा लागतो. आमचं जहाज अमेरिकी झेंड्याचं, जुनोहून निघणारं. (जुनो अलास्काची राजधानी, पण बाहेरून तिथे एकही रस्ता जात नाही. विमानाने या, नाहीतर बोटीने.) तिथले पगार आणि थोडे प्रवासी म्हटल्यावर तिकीट तिप्पट-चौपट सहज होतं. लुबाडणूक म्हणाल तर ती नाही, हिशोबच तसा आहे.

आता त्या पैशांत मिळतं काय? ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानाचंच बघा. तिथे दिवसाला दोनच मोठ्या क्रूझना प्रवेश. त्या येतात, मार्जरी हिमनदीसमोर थोडा वेळ थांबतात आणि निघतात. खरं सांगायचं तर मार्जरी त्यांच्या उंच डेकवरून आमच्यापेक्षा चांगलीच दिसत असेल. सुमारे 34 किलोमीटर लांबीची ती बर्फाची नदी थेट समुद्रात उतरते. तेवढंच बघायचं असेल तर मोठी क्रूझ घ्या, पैसे वाचवा. पण शेजारच्या जॉन्स हॉपकिन्स खाडीत मे-जूनमध्ये तरंगत्या बर्फावर सील पिल्लं घालतात. तेव्हा ती सगळ्यांनाच बंद असते आणि मोठ्या क्रूझना तर थेट सप्टेंबरपर्यंत. आम्ही जुलैच्या शेवटी गेलो, त्यामुळे सीलपासून अंतर राखून सावकाश आत जाता आलं.

आत गेल्यावर कॅप्टनने इंजिन मंद केलं आणि गाइडने आम्हाला गप्प राहायला सांगितलं. मग बर्फच बोलायला लागला. हजारो तुकडे तरंगत होते, आणि कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज सगळीकडून येत होता. हिम दाबून दाबून बर्फ होतं तेव्हा त्यात हवा कोंडली जाते. बर्फ वितळला की ते बुडबुडे फुटतात, म्हणून ही तडतड. गाइडने जाळीने एक तुकडा वर काढला. काचेसारखा नितळ, आत टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे. तो कानाशी धरून मी बोटं बधिर होईपर्यंत उभी होते. शेवटी नवरा म्हणाला, "अगं, इतरांनाही दे." बारा मजली जहाजावरून हे ऐकू येणार नाही, आणि माझे निम्मे पैसे तिथेच वसूल झाले.

उरलेले निम्मे साउथ मार्बल नावाच्या खडकाळ बेटापाशी, वासासकट. स्टेलर जातीचे सी लायन तिथे ढिगाने पडलेले असतात. मोठा नर हजार किलोपर्यंत भरतो. त्यांचा वास आधी येतो, ते नंतर दिसतात. भाऊच्या धक्क्यावर वाढलेल्या माणसानेही रुमाल काढला असता. वरच्या कपारीत पफिन पक्षी, चोच नारिंगी, डोक्यावर पिवळसर शेंड्या. पाण्यात एक पाणमांजर उताणं पडून पोटावरचं पिल्लू चाटत होतं. या समुद्री पाणमांजरांच्या अंगावर चरबीचा थर नसतो. सगळी ऊब केसांची, आणि इतकी दाट लव दुसऱ्या कुठल्या प्राण्याला नाही. त्या लवेपायीच व्यापाऱ्यांनी या भागातून ती पार संपवली होती. 1960 च्या दशकात दूरच्या बेटांवरून आणून ती परत सोडली. त्या माउलीचं चाटून होईपर्यंत जहाज थांबून राहिलं. वेळापत्रक नव्हतं असं नाही, पण ते प्राण्यांपुढे वाकत होतं. माझं उत्तर खरं तर एवढंच आहे.

हंपबॅक देवमासेही दिसले, पण त्यांचे फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. कायद्याने त्यांच्यापासून किमान शंभर यार्ड लांब राहावं लागतं. उन्हाळाभर अलास्कात खाऊन ते हिवाळ्यात हवाईला जातात, पिल्लं तिथे, आणि खाणं मात्र जवळपास बंद.

नवी मुंबईकर म्हणून मला सगळ्यात चक्रावून टाकलं ते जमिनीने. 1794 मध्ये ब्रिटिश कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं इथे आली तेव्हा ही ग्लेशियर बेची खाडी जवळजवळ नव्हतीच, तोंडाशीच बर्फाची भिंत होती. आज तोंडापासून टोकापर्यंत सुमारे 105 किलोमीटर पाणी आहे. तेवढ्या बर्फाचं ओझं उतरल्यामुळे दबलेली जमीन अजून वर येतेय, वर्षाला साधारण तीन सेंटिमीटर! आमच्याकडे खाडीत भराव टाकून सेक्टर उभे राहिले, तिथे समुद्रातून जमीन आपोआप निघतेय. त्याआधी हाच बर्फ पुढे सरकला तेव्हा इथल्या मूळ रहिवासी हूना क्लिंगिट लोकांना आपली गावं सोडून जावं लागलं होतं. 2016 मध्ये या उद्यानातल्याच बार्टलेट कोव्हला त्यांचं लाकडी सामुदायिक घर पुन्हा उभं राहिलं. गाइड हे सांगत होती तेव्हा बाकीचे प्रवासी कोरीव खांबांचे फोटो काढत होते. मला आमच्याकडची आगरी-कोळी गावं आठवत होती. आमच्या सेक्टरखाली कुणाची मिठागरं होती, हे मी इतक्या वर्षांत कधी कुणाला विचारलं नाही.

बाकीचे प्रश्न पटापट. पाऊस? भरपूर, आपल्यासारखा धो-धो नाही, दिवसभर रिपरिप. रेनकोटची पँटही न्या. बोट लागते का? फारशी नाही, बेटांच्या आडोशाने जाते. जेवण? शाकाहारी आधी कळवलं तर मिळतं, पण तिखटाचं आपलं आपण बघायचं. गुडघे दुखत असतील तर रबरी होडीत चढता-उतरताना त्रास होतो. सासूबाईंना न्यायचं असेल तर मोठी क्रूझच बरी, त्यात लिफ्ट असते.

आणि आपल्याला हे झेपेल का, आवडेल का, असा संशय असेल तर आधी ऐरोलीला जा. ठाणे खाडी 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. वनखात्याची बोट भरती-ओहोटी बघून सुटते, तेव्हा वेळ आधी विचारून घ्या. बोट थांबली की तुमचा हात किती मिनिटांत मोबाईलकडे जातो ते बघा. दहा मिनिटांत गेला, तर सरळ मोठ्या क्रूझचं बुकिंग करा. तिथे वायफायही चांगलं असतं म्हणे.