पेडल स्टीलच्या ॲम्पला स्पीकर बदलला : माझा अनुभव

नाशिकमध्ये पेडल स्टील गिटार (आडवी ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवत आणि पायाच्या पेडलने सूर बदलत वाजवतात ती) वाजवणारे फार नाहीत. हवाईयन गिटारवाले मात्र बरेच आहेत आणि स्पीकर गेला की त्यांचीही अडचण हीच होते, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझा ॲम्प पीव्ही कंपनीचा नॅशव्हिल 400. मेहुणे अमेरिकेतून कायमचे परत आले तेव्हा घरच्या सामानाबरोबर कंटेनरमधून आला. 4 ओहमला 210 वॉट, आत ब्लॅक विडो 15 इंची स्पीकर. पावसाळ्यात मधल्या सुरांवर खरखर सुरू झाली, अगदी हळू आवाजातसुद्धा. स्पीकर काढून कोनावर (समोरच्या हलणाऱ्या पडद्यावर) दोन्ही हातांची बोटं समोरासमोर ठेवली आणि सारखा दाब देत हलकेच आत ढकललं, तर कॉइल (कोनामागचं तारेचं वेटोळं) घासल्याचा आवाज स्पष्ट आला. ॲम्प ठीक, स्पीकर गेला, एवढं घरीच कळलं.

एम. जी. रोड, मेन रोड, शालिमार सगळं पालथं घातलं. 15 इंची म्हटलं की समोर डीजेचा वूफर येतो. "काका, बास कडक देईल, 600 वॉट आहे." पण मला बास नकोच होता. ई-नाइन या पेडल स्टीलच्या नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सगळ्यात खालची दहावी तार बी, म्हणजे साधारण 123 हर्ट्झ. डीजेचा वूफर त्याच्या खूप खाली घुमण्यासाठी बनवलेला असतो. कोन जड, आणि वरचे सूर हॉर्नने (वेगळ्या छोट्या भोंग्याने) काढायचे असं गृहीत धरलेलं. माझ्या खोक्यात हॉर्न कुठे आहे? तिसरी तार जी शार्प, सुटी 415 हर्ट्झ, चोविसाव्या फ्रेटवर 1661, आणि स्टीलची खरी चमक त्याच्याही वरच्या हार्मोनिक्समध्ये (उपसुरांमध्ये). असल्या वूफरवर तो सूर गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो. साध्या इलेक्ट्रिक गिटारचे स्पीकर उलट अडचणीचे, कारण त्यातले बरेचसे जोर वाढला की आवाज फाटावा म्हणूनच बनवतात. स्टीलला सूर स्वच्छच हवा. तार छेडताना आपण व्हॉल्यूम पेडल दाबून धरत नाही, सूर विरायला लागला की हळूहळू उघडतो. त्यासाठी ॲम्प आणि स्पीकर दोघांकडेही जोर शिल्लक लागतो.

म्हणून आहे तोच स्पीकर दुरुस्त करून घ्यावा असं ठरवलं, आणि तिथेच सगळं अडकलं.

दुकानाचं नाव लिहीत नाही. दुकानदाराने मल्टीमीटर लावला, 3.3 आकडा आला. "कॉइल शॉर्ट आहे काका." मी सांगितलं, 4 ओहमचा स्पीकर मल्टीमीटरवर तीन-साडेतीनच दाखवतो, 8 ओहमचा सहाच्या आसपास. मीटर फक्त तारेचा रेझिस्टन्स मोजतो, 4 आणि 8 हे आकडे इम्पीडन्सचे, म्हणजे स्पीकर वाजताना ॲम्पला होणाऱ्या अडथळ्याचे. मागचं 1501-4 हे लेबलही दाखवलं, त्यातला शेवटचा 4 म्हणजे ओहम. त्याने मान डोलावली, चिठ्ठी चिकटवली, "चार दिवसांनी या."

चार दिवसांनी गेलो तर "उद्या या". गणपती तोंडावर आले होते. दुकानात मंडळांचे डीजेचे खोके छतापर्यंत रचलेले, आणि त्यांच्यापुढे माझ्या एका स्पीकरला कोण विचारतो! फोन केला की "कोन मुंबईहून यायचाय". गेलो की पोरगा सांगायचा, "शेठ बाहेर गेलेत." विसर्जन झालं, पितृपक्ष लागला, तरी तेच. मला राग उशिराचा नव्हता. सीझनला त्यांच्यावर किती ताण असतो ते मी जाणतो. राग याचा, की एकदाही कोणी सरळ सांगितलं नाही की काम सुरूच केलेलं नाही. तसं सांगितलं असतं तर मी तेव्हाच परत नेला असता.

शेवटी नवरात्रात स्पीकर मिळाला. मीटर लावला तर 6.1! विचारलं तर म्हणाला, "आठ ओहमची कॉइल टाकली, हेवी आहे, जळणार नाही." कोनही डीजेचा, जाड. ट्रान्झिस्टर ॲम्पला 4 च्या जागी 8 ओहम जोडून धोका नसतो, फक्त ताकद साधारण निम्म्यावर येते. (उलट 4 च्या जागी 2 कधीही जोडू नका, आउटपुट ट्रान्झिस्टर जातील.) ताकदीचं एक वेळ चाललं असतं. पण घरी येऊन ई कॉर्डवर बार ठेवला आणि पहिल्याच झटक्यात कळलं, वरचे सूर मेले आहेत. हे मी अजून विसरलेलो नाही.

पैसे देऊन भांडत बसण्यापेक्षा पुढे काय ते बघितलं. दोन पर्याय होते. एमिनन्स कंपनीचा ईपीएस-15सी स्पीकर, जो पेडल स्टीलसाठीच बनवलेला आहे, किंवा ब्लॅक विडोचाच नवा बास्केट. ब्लॅक विडोची ही गोष्ट मला फार आवडते: कोन, कॉइल आणि फ्रेम मिळून एक भाग, तोच बास्केट; मॅग्नेट वेगळा, बोल्ट खोलले की सुटतो. सगळं वजन मॅग्नेटचं, आणि तो माझ्याकडे होताच. भाचा दिवाळीला अमेरिकेहून येणार होता, त्याने बास्केट बॅगेत टाकून आणला. अख्खा स्पीकर आणणं त्याला जमलं नसतं.

बसवण्याआधी मॅग्नेटची फट (जिच्यात कॉइल हलते ती) साफ करा, हे सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या फटीत दुकानातला लोखंडाचा चुरा मिशीसारखा उभा होता. फुंकून तो जात नाही. जाड कार्डावर मास्किंग टेप उलटी गुंडाळायची, फटीत घालून गोल फिरवायची, टेप अगदी कोरी निघेपर्यंत. मग बास्केट सरळ खाली सोडायचा, मॅग्नेट ओढतो म्हणून बोटं सांभाळून, आणि बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे.

मीटरवर 3.3 आला. दिवाळी पहाटेला कालिदास कलामंदिरात वाजवलं आणि शेवटच्या रांगेतून मित्राने सांगितलं की वरच्या तारेचा कंपसुद्धा वेगळा कळत होता. मला मनापासून अभिमान वाटला.

अजून काही आठवलं ते. दुरुस्तीला टाकायचाच असेल तर गणपतीच्या दोन महिने आधी किंवा थेट दिवाळीनंतर टाका. देण्याआधी लेबलचा आणि मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, आणि चिठ्ठीवर "4 ओहम, हलका कोन" असं दुकानदाराच्या हातानेच लिहून घ्या. दोन स्पीकरचा ॲम्प असेल तर 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर लावून दोन्ही कोन एकाच दिशेला जातात ना बघा. जुन्या जेबीएल स्पीकरमध्ये लाल टोकाला प्लस लावला की कोन आत जातो, तो बिघाड नाही. आणि ॲम्प अमेरिकेचा 120 व्होल्टचा असेल तर स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर निदान 1000 व्हीएचा घ्या, छोट्यावर मोठ्या सुराला आवाज बसतो आणि माणूस उगाच स्पीकरला दोष देतो.