एक्स-रे काढल्यावर पुन्हा सिटी कशासाठी?

लातूरच्या एका तपासणी केंद्रात क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून काम करताना मला सर्वांत जास्त संशयाने विचारला जाणारा प्रश्न सिटी स्कॅनचा नसतो, तर दुसऱ्या एक्स-रेचा असतो. ‘साहेब, एकाच हाताचे दोन फोटो कशाला?’ बिल वाढवण्यासाठी, असा अर्थ बहुतेक नातेवाईक मनातल्या मनात काढून मोकळे होतात.

एक्स-रे म्हणजे सावली. नळीत वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन टंगस्टनवर आदळतात आणि त्यांच्या ऊर्जेपैकी सुमारे १ टक्का ऊर्जेचेच क्ष-किरण होतात. उरलेली उष्णता होऊन जाते. (उन्हाळ्यात रुग्णाआधी यंत्राच्या एसीची चौकशी होते, ती यासाठी.) हाडातील कॅल्शियम हे किरण अधिक शोषते, फुप्फुसातील हवा जवळजवळ सगळे जाऊ देते, आणि शरीराची सारी जाडी एका सपाट चित्रावर उमटते. क्ष-किरणांचा शोध लावणाऱ्या रॉन्टगेन यांनी १८९५ साली पत्नीच्या हाताचे जे चित्र घेतले, त्यात बोटातील अंगठी स्पष्ट दिसते. मात्र तिची पुढची कड कोणती आणि मागची कोणती, हे त्यावरून सांगता येत नाही. समोरून सरळ भासणारे हाड बाजूने पाहिल्यावर सरकलेले आढळते, म्हणून दुसरा फोटो घ्यावाच लागतो.

हीच गोष्ट दोनऐवजी शेकडो दिशांनी केली की सिटी स्कॅन होतो. नळी आणि तिच्या समोरचे किरण टिपणारे डिटेक्टर रुग्णाभोवती फिरतात, प्रत्येक दिशेने किती किरण अडले याची नोंद होते, आणि त्या नोंदींवरून संगणक शरीराच्या आडव्या कापातील प्रत्येक बारीक ठिकाणाची घनता काढतो. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर लंडनमध्ये १९७१ साली पहिल्या रुग्णाच्या मेंदूची तपासणी झाली. १९७९ चे नोबेल त्यांना अॅलन कॉरमॅक यांच्यासह मिळाले. हाउन्सफील्ड यांच्याच नावाच्या घनतेच्या मापनात पाणी ०, हवा उणे १०००, मेंदू साधारण ३० ते ४० आणि ताजे गोठलेले रक्त ५० ते ८० असते. मेंदू आणि रक्त यांच्यातील एवढासा फरक साध्या एक्स-रेत कवटीच्या दाट सावलीखाली बुडून जातो. त्यामुळे दुचाकीवरून पडलेल्या माणसाच्या कवटीचा एक्स-रे निर्दोष असूनही आत रक्तस्राव असू शकतो. अर्धांगवायूच्या रुग्णाचा सिटी पहिल्या काही तासांत पुष्कळदा ‘नॉर्मल’ येतो, आणि नातेवाइकांना पैसे वाया गेल्यासारखे वाटते. परंतु आत रक्तस्राव नाही हे कळल्याखेरीज गुठळी विरघळवणारे औषध देताच येत नाही. माझ्या मते तो ‘नॉर्मल’ अहवाल सर्वांत उपयोगी अहवालांपैकी एक आहे.

याउलट, पाय मुरगळला म्हणून ‘थेट सिटीच करा’ असा आग्रह धरणे मला पटत नाही. छातीच्या एका एक्स-रेत ०.१ मिलिसिव्हर्टहून (शरीराला मिळणाऱ्या किरणांच्या मात्रेचे एकक) कमी किरणोत्सार मिळतो. डोक्याच्या सिटीत सुमारे २, तर पोटाच्या सिटीत ८ ते १० पर्यंत. निसर्गातून माणसाला वर्षभरात जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच, त्यामुळे गरजेच्या तपासणीला घाबरण्याचे कारण नाही. गर्भारपणाची शक्यता असल्यास मात्र ती आधीच सांगावी आणि जुन्या फिल्म सोबत आणाव्यात, कारण पुष्कळदा त्यांच्याशी तुलना केल्यावर नव्या तपासणीची गरजच उरत नाही.