भिडस्तांचा विमानप्रवास

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानाने जायला १५-१६ तास लागतात. एवढ्या वेळात शरीराचे जे हाल होतात, त्याचं खापर आपण विमानातल्या हवेवर, तिथल्या जेवणावर आणि पुढच्या सीटची पाठ मागे टाकणाऱ्या माणसावर फोडतो. ही मंडळी अगदीच निर्दोष आहेत असं नाही. पण मुख्य आरोपी आपण घरूनच, पासपोर्टच्या जोडीने नेलेला असतो: भीड. शेजारचा झोपलाय, त्याला कसं उठवायचं? हवाईसुंदरी आत्ताच तर पाणी देऊन गेली, पुन्हा कसं मागायचं? मग पाणीच नको, म्हणजे उठायलाही नको. भीड भिकेची बहीण म्हणतात. विमानात ती सुजलेल्या पायांचीही सख्खी बहीण निघते.

या भिडेची सोय आधी तिकिटातच करून ठेवावी. मुलांकडे निघालेल्या आईवडिलांना हौसेने खिडकीची सीट घेऊन दिली जाते. मुंबईची बरीचशी लांबची विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, त्यामुळे खिडकीतून पहिले काही तास दिसतो तो निव्वळ काळोख. आणि तिथून उठायचं म्हणजे दोन माणसं उठवायची! ते जमत नाही म्हणून माणूस सहा-सहा तास तसाच बसतो. पायात रक्ताची गाठ होण्याचं प्रमाण खिडकीशी बसणाऱ्यांत जास्त आढळलं आहे, त्याचं एक कारण हेच असावं. तीन-चार-तीन अशी रचना असेल तर मधल्या चारांतली कडेची, म्हणजे आइल सीट घ्यावी. तिथे तुम्हाला ओलांडून जाणारा एकच शेजारी असतो. पलीकडचा दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. खिडकीकडच्या तिघांतल्या आइल सीटवर मात्र दोघांसाठी उठावं लागतं. नवरा-बायको दोघं असतील तर वाटेच्या अल्याड-पल्याड दोन आइल सीट. शेजार सुटतो, पण दोघांचे पाय मोकळे राहतात. शेवटची रांग टाळावी. तिथल्या सीटची पाठ बऱ्याचदा मागे जात नाही आणि स्वच्छतागृहाची रांग डोक्याशी उभी असते. भिंतीसमोरच्या पहिल्या रांगेत पाय लांब करता येतात, पण पाळणे तिथेच लावतात आणि दोन सीटमधला हात (आर्मरेस्ट) वर उचलता येत नाही. आइल सीटच्या बाहेरच्या हाताखाली, मागे बिजागरीजवळ, पुष्कळ विमानांत एक छोटी खटकी असते. ती दाबली की तो हात वर जातो, आणि गुडघेदुखीवाल्याला पाय बाहेर काढून सरळ उभं राहता येतं. हे कुणी आपणहून सांगत नाही. विचारावं लागतं; पुन्हा भीड आडवी.

पायांचं प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे. गुडघ्याखालचं रक्त वर चढवायला एकटं हृदय पुरत नाही. पोटरीचा स्नायू आवळला की आतल्या शिरा दाबल्या जातात, रक्त वर ढकललं जातं आणि शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. बसून राहिलं की हा पंप बंद. त्यात सीटची पुढची कड गुडघ्यामागे रुतते. रक्त साचतं, पाय सुजतात. क्वचित गाठ धरते, आणि ती सुटून फुफ्फुसात अडकली तर जिवावर बेततं. यात विमानाचा दोष किती आणि खुर्चीचा किती? १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा लोक निवाऱ्यांत घडीच्या कॅनव्हास खुर्च्यांवर रात्री काढत. खुर्चीचा पुढचा लाकडी दांडा मांड्यांखाली दाबे. फुफ्फुसात गाठ जाऊन होणारे मृत्यू वाढल्याचं डॉ. कीथ सिम्प्सन यांनी त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं. विमानप्रवासानंतरच्या गाठींबद्दल डॉ. जॉन होमन्स यांनी लिहिलं ते १९५४ मध्ये. ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ हे नाव १९७७ मध्ये पडलं, आणि ते जरा फसवं आहे. महागड्या सीटवर न हलता पडून राहणाऱ्यालाही ही सवलत नाही.

घाबरून तिकीट रद्द करण्याइतकं हे सर्रास नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या निष्कर्षांप्रमाणे चार तासांहून लांबच्या प्रवासाने धोका साधारण दुप्पट होतो, पण दुप्पट होऊनही तो सहा हजारांत एक एवढाच राहतो. लठ्ठपणा, गर्भनिरोधक गोळ्या, गरोदरपण, कर्करोग, नुकतीच झालेली मोठी शस्त्रक्रिया किंवा पूर्वी झालेली गाठ असेल तर मात्र हिशेब बदलतो. खूप उंच माणसांना धोका जास्त असतो, आणि ५ फूट ३ इंचांच्या आतल्यांनाही. बुटक्या माणसाचे पाय नीट टेकत नाहीत, मांडीचा भार सीटच्या कडेवर येतो. उपाय फुकटचा आहे: पुढच्या सीटखाली सरकवायची पिशवी मऊ कपड्यांची ठेवावी, विमान वर स्थिरावलं की पायांखाली घ्यावी आणि उतरण्याआधी परत आत सरकवावी. गुडघे किंचित वर आले की कड रुतत नाही.

दाब देणारे मोजे गुडघ्यापर्यंतचे पुरतात. पाकिटावर दाब लिहिलेला असतो. प्रवासासाठी १५ ते २० एमएमएचजी. माप बुटाच्या नंबरावरून घेऊ नये. सकाळी उठल्याबरोबर, पाय सुजायच्या आत, टेपने घोट्याचा आणि पोटरीचा घेर मोजावा. मोजे घरून निघतानाच चढवावेत. वरची कड दुमडून ठेवली की तिथे दुप्पट दाब बसतो आणि करकोचा पडतो; सैल हवे म्हणून लोक नेमकं हेच करतात. पायाच्या धमन्यांत अडथळा असेल किंवा मधुमेहाने तळवे बधिर झाले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मोजे घालू नयेत. ॲस्पिरिनची गोळी ‘असू दे’ म्हणून घेण्यातही अर्थ नाही.

बाकी काम हालचालीचं. जागेपणी दर तासाला टाचा टेकवून चवडे वर वीसदा, चवडे टेकवून टाचा वर वीसदा, मग घोटे दोन्ही बाजूंनी गोल फिरवायचे. दोन-अडीच तासांनी उठून मागच्या गॅलीपर्यंत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरापर्यंत जायचं आणि तिथे भिंतीला हात लावून पंधरा-वीस वेळा चवड्यांवर उभं राहायचं. लोक बघतात, बघू देत. त्यातले अर्धे पाच मिनिटांनी तेच करतात. हिंदी सिनेमा लावला असेल तर मध्यंतर आयतंच मिळतं.

पाण्याबद्दल जरा अतिशयोक्ती चालते. ३५,००० फुटांवरच्या हवेत ओल जवळजवळ नसते, म्हणून केबिनची आर्द्रता १०-२० टक्क्यांवर येते. मुंबईच्या घामट हवेतून आलेल्या नाकाला, डोळ्यांना आणि घशाला ते लगेच कळतं. पण त्यामुळे शरीर आतून भसाभस सुकतं असं नाही. माणूस कोरडा पडतो तो मुख्यतः न प्यायल्यामुळे. तासाला एक पेला, म्हणजे सुमारे २०० मिली, पुरे. किडनीचा किंवा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टरांनी ठरवून दिलेलं माप मोडू नये. सोबत लिटरची रिकामी बाटली ठेवावी. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांसाठी कधीकधी गेटपाशी पुन्हा तपासणी होते, तेव्हा ती विमानात गेल्यावरच भरून मागितलेली बरी. एकदा बाटली भरली की दर तासाला मागायचा संकोच नको. नाकात सलाइनचे थेंब, ओठांना व्हॅसलिन, आणि कॉन्टॅक्ट लेन्स घरीच काढून चष्मा.

पाणी प्यायलं की स्वच्छतागृह आलंच. दाराची कडी पूर्ण सरकवल्यावरच आत लख्ख दिवा लागतो. अंधार आहे म्हणून परत फिरू नये. घडीचं दार असेल तर मधोमध ढकलायचं. पाण्याचा जेट बहुतेक विमानांत नसतो, तेव्हा छोटी रिकामी बाटली पिशवीत असावी, बेसिनवर भरता येते. आणि चपला-बूट घालूनच जावं. तिथल्या फरशीवर जे ओलं दिसतं ते पाणीच असेल याची हमी नाही.

विमानातला हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा नसतो. तो ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात. कळसूबाईचं शिखर सुमारे ५,४०० फुटांवर, म्हणजे महाराष्ट्रात कुठेही चढलात तरी त्याहून उंच जागी तुम्ही पंधरा तास बसलेले असता. चिवड्याचं बंद पाकीट वर गेल्यावर टम्म फुगतं, तसंच आतड्यातल्या वायूचं होतं; ८,००० फुटांच्या दाबाला तो सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. म्हणून निघायच्या दिवशी राजमा, छोले, वाटाणे, कोबी आणि सोड्याच्या बाटल्या नकोत. मुगाची मऊ खिचडी किंवा दहीभात बरा. घरून जेवून निघावं आणि रात्री अडीच-तीनला समोर येणारं जेवण सरळ नाकारून झोपावं. पैसे दिलेत म्हणून खाणं हा भिडेचाच चुलत प्रकार आहे. शाकाहारी भारतीय जेवणाचा कोड एव्हीएमएल, जैन जेवणाचा व्हीजेएमएल, मधुमेहींचा डीबीएमएल. निदान ४८ तास आधी नोंदवावा. आणि वाढलेला वायू दाबून ठेवू नये. पोट दुखतं, आणि इंजिनाच्या आवाजात सभ्यता शाबूत राहते.

डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत आत गॅसचा बुडबुडा भरला असेल, तर तो पूर्ण विरेपर्यंत विमान वर्ज्य. तो फुगला तर नजर जाऊ शकते. इथे तडजोड नाही.

कान दुखतात ते मुख्यतः उतरताना. उतरायला सुरुवात होण्याआधी जागं व्हावं, कारण झोपेत आपण कमी वेळा गिळतो. नाक चिमटीत धरून घोट गिळावा. नाही भागलं तर तोंड मिटून, नाक धरून अगदी हलके फुंकावं. जोर लावला तर कानाच्या पडद्याला इजा होते. सर्दी असेल तर डॉक्टरांना विचारून नाक मोकळं करणारे थेंब उतरण्याच्या अर्धा तास आधी. तान्ह्या बाळाला त्याच वेळी पाजावं.

झोपेसाठी गोळी आणि मद्य दोन्ही नको. हवेचा दाब कमी असल्याने रक्तातला ऑक्सिजन आधीच थोडा उतरलेला असतो, मद्य घेऊन झोपल्यावर आणखी उतरतो. आणि गोळी घेतलेला माणूस हलतच नाही. पांघरुणाची गुंडाळी करून कमरेच्या खोलगट भागात ठेवावी, आणि पट्टा पांघरुणाच्या वरून बांधावा, म्हणजे तो बघायला कुणी उठवत नाही.

औषधं सगळी हातातल्या पिशवीत. इन्सुलिन तर नक्कीच, खालच्या सामानात ते गोठू शकतं. न्यूयॉर्कला जाताना उन्हाळ्यात तो दिवस साडेतेहतीस तासांचा होतो. मधले डोस कधी आणि किती, हे डॉक्टरांकडून भारतीय वेळेत लिहून घ्यावं आणि पोहोचेपर्यंत एक घड्याळ भारतीय वेळेवर ठेवावं.

पोहोचल्यावर शरीराचं घड्याळ दिवसाला एक-दीड तास सरकतं, म्हणजे साडेनऊ तासांच्या फरकाला आठवडा तरी जातो. न्यूजर्सीत रात्री दोनला टक्क जाग येते, कारण पोटाच्या लेखी सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. त्या वेळी स्वयंपाकघरातले सगळे दिवे लावून पोहे करायला घेऊ नयेत. मंद उजेडात पडून राहावं, फारच भूक लागली तर दोन बिस्किटं. दुपारी मात्र तासभर उन्हात चालावं आणि डुलकी अर्ध्या तासावर जाऊ देऊ नये.

पहिले काही आठवडे, त्यातही पहिले दोन, एकाच पायाची पोटरी दुखली, सुजली, गरम किंवा लाल झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट ९११, हा अमेरिकेतला तातडीच्या मदतीचा क्रमांक. इथेच आईवडील गप्प बसतात: मुलाची मीटिंग आहे, सुनेला सुट्टी काढावी लागेल, इथले डॉक्टर महाग. म्हणून प्रवासविम्याचा पॉलिसी नंबर आणि मदतीचा फोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून पहिल्याच दिवशी फ्रिजवर चिकटवून ठेवावा.